ग्लॉक ४४ (.२२) आलंय म्हणे. मुलीच्या सरावासाठी कसं?

नेरूरचो झील | २१ जानेवारी २०२०

मंडळी, नमस्कार. कुडाळजवळ राहतो. थोडी काजू, थोडे माड, बाकी नोकरी. घरात वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची, आता माझ्या नावावर. तिचा उपयोग काय म्हणाल तर निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची आणि निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. तेव्हा बंदूक या विषयातलं माझं ज्ञान इतपतच, हे आधीच सांगतो.

प्रश्न मुलीचा आहे. अकरावीत आहे, एनसीसीत आहे. कॅम्पला .२२ रायफलने फायरिंग केलं आणि पाचही गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत. तिथल्या उस्तादांनी पाठ थोपटली, झालं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्यात तिला रायफल नको, पिस्तूल हवंय. २०१८ च्या एशियाडमध्ये राही सरनोबतने २५ मीटरला सुवर्ण घेतलं ते तिने टीव्हीवर बघितलेलं. "बाबा, कोल्हापूर म्हणजे काय, घाट चढला की आलंच," हा तिचा युक्तिवाद.

डिसेंबरमध्ये ग्लॉक कंपनीने ४४ नावाचं नवीन पिस्तूल जाहीर केलंय, .२२ लाँग रायफलचं. त्यांचं पहिलंच .२२. आकाराने त्यांच्याच १९ नंबरच्या पिस्तुलाएवढं, रिकामं वजन साधारण ४१५ ग्रॅम, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. व्हिडिओवाले सगळे म्हणतात की सरावासाठी याच्यासारखं नाही: हलकं, छोटं, झटका नाही, गोळी स्वस्त. मुलीचा हातही लहान आहे. मला हे अगदी बेतून केल्यासारखं वाटलं.

तर जाणकारांनी सांगा, पिस्तूल म्हणून कसं आहे? इकडे मिळेल का? परवाना माझ्या नावावर घेऊन ती वापरू शकते का? सरावाच्या जागेची अडचण नाही. घरामागे बंद पडलेली चिऱ्याची खाण आहे, तिन्ही बाजूंनी दोन पुरुष उंच भिंती.

सुभेदार (निवृत्त), सावंतवाडी | २२ जानेवारी २०२०

नेरूरकर, पिस्तुलाचं नंतर बोलू. आधी ती खाण डोक्यातून काढून टाका.

जांभा हाताला मऊ लागतो म्हणून फसू नका. शिशाची गोळी दगडावर तिरकी बसली की कुठे उसळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. रेंजवर टार्गेटच्या मागे मातीचा बट, म्हणजे जाड ढीग, घालतात आणि त्या मातीतलेसुद्धा खडे वेचून काढतात, ते काही हौस म्हणून नाही. .२२ ला लोक पोरखेळ समजतात. गोळी अडीच ग्रॅमची खरी, पण मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाते. तुमच्या खाणीच्या वर सडा (मोकळा कातळ) असेल, सड्यावर कोणाची तरी गुरं असतील आणि गुरांमागे कोणाचं तरी पोर असेल. शिवाय परवाना आहे म्हणून मनात येईल तिथे बार काढता येत नाही. तुमचा परवाना शेती संरक्षणाचा, त्या बंदुकीपुरता आणि त्या शेतापुरता.

आता पिस्तूल. मी हे हातात घेतलेलं नाही, पण ते कशासाठी काढलंय ते कागदावरच कळतं. अमेरिकेत घराघरांत ९ एमएमचं ग्लॉक १९ आहे. त्याच्या गोळ्या महाग पडतात आणि नवशिक्याचा हात झटक्याला दचकतो. म्हणून कंपनीने त्याचाच जुळा भाऊ .२२ मध्ये काढला. पकड तीच, साइट (नेम धरायच्या खुणा) त्याच जागी, ट्रिगर तसाच, कमरेचा होल्स्टरही तोच चालतो. स्वस्तात सराव करायचा आणि मग मोठ्या भावाकडे वळायचं. कल्पना शंभर टक्के बरोबर आहे. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्धी पोलादी अर्धी प्लास्टिकची केलीय तीही याच कारणाने. .२२ च्या गोळीत जोर कमी, ९ एमएमसारखी भरीव पोलादी स्लाइड तिला मागे ढकलवणार नाही. वजन उतरलंय ते त्यातून. लहान हातांची दया येऊन नव्हे.

पण तो मोठा भाऊ आपल्याकडे आहे कुठे? ९ एमएम हा आपल्या कायद्याने प्रतिबंधित बोअर (नळीचं माप). फौज आणि पोलीस सोडून कोणाला मिळत नाही. म्हणजे ज्या पिस्तुलाची ही तालीम, ते तुमच्या मुलीच्या हातात कधी येणारच नाही. आलं तर ती वर्दीत गेल्यावर, आणि तेव्हा शिकवायला सरकार आहे.

राहीने जे केलं तो खेळच निराळा. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलही .२२ चंच असतं, पण गोळी सारखी म्हणून हत्यार सारखं होत नाही. नियमात नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, दोन साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत आणि वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, आणि चांगले नेमबाज या मर्यादांच्या जवळपासचंच पिस्तूल निवडतात. ग्लॉकची नळी १०२ मिलिमीटर आणि वजन अर्धा किलोही नाही. हलकं पिस्तूल हातात छान वाटतं हो, पण हात पुढे सरळ धरून सेकंद मोजायला लागलं की ते हलकेपणच नडतं. वजनदार पिस्तूल संथ डुलतं, हलकं थरथरतं. ट्रिगरचं तर विचारूच नका. स्पर्धेत किमान एक किलोचा ट्रिगर लागतो आणि सगळे त्याच्या जरासा वर ठेवतात. ग्लॉकचा अडीच किलोच्या आसपास. चारशे ग्रॅमच्या पिस्तुलावर अडीच किलोची ओढ, आणि तीही एका हाताने! २५ मीटरला दुसरा हात खिशात असतो. ग्लॉक दोन्ही हातांनी धरायला बनवलंय.

इकडे मिळेल का, तर नाही. साध्या परवानाधारकाला बाहेरून हत्यार आणणं ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. आयातीची मुभा मोठ्या स्पर्धांत ठरलेले गुण मिळवून नामांकित ठरलेल्या नेमबाजांना, आणि तीही खेळासाठी. देशात फिरणारी जुनी विलायती पिस्तुलं आहेत, त्यांचे भाव लाखांत. परवान्याला वय २१ लागतं. खालच्या वयासाठी नियमांत ज्युनियर टार्गेट शूटर म्हणून वेगळी सोय आहे, ती क्लब आणि असोसिएशनच्या मार्गाने होते. बापाच्या परवान्यावर मुलीने सराव करायचा हा रस्ता नाही.

मुलीला दहा मीटर एअर पिस्तुलावर घाला. .१७७ बोअर, ऊर्जा पाच-सहा जूल, वीस जूलच्या आतलं म्हणून परवाना नाही. दुकानदार ओळखपत्राची नोंद करून घेतो, तेवढंच. हवेचं म्हणून नाक मुरडू नका. मनू भाकरची सुरुवात विचारा.

गावडेबाग | २२ जानेवारी २०२०

मेल्या, पिस्तूल व्हया कित्याक? माकडां काय तुझ्या पिस्तुलाक भितली? माझ्या काजीत रोज सकाळी टोळी उतरता. सुतळी बॉम्ब लावलो तर पयले दोन दिवस पळाली, तिसऱ्या दिवशी झाडार बसान बघूक लागली, आता हो पुढचो कधी लावता!

नेरूरचो झील | २२ जानेवारी २०२०

अरे माकडांसाठी नाय, चेडवासाठी.

सुभेदारसाहेब, खाण बंद. घरातही तसं सांगून टाकलं. सौ. म्हणाली, "हे मी आधीच सांगितलं होतं," तर तोही विषय संपला.

पण एक शंका आहे. तुम्ही म्हणता झटका नसलेल्या .२२ वर सराव करण्याची कल्पना शंभर टक्के बरोबर. मग निदान शिकायला, हात बसायला, .२२ का नको? एअर पिस्तुलात आवाज नाही, धक्का नाही. त्यावर शिकलेली मुलगी खऱ्या गोळीला बिचकणार नाही का?

सुभेदार (निवृत्त), सावंतवाडी | २४ जानेवारी २०२०

प्रश्न चांगला आहे. जरा सविस्तर लिहितो. लाइट गेलीय आणि मोबाईलवर टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे सर्व्हिसमध्ये ९ एमएम १ए होतं, ईशापूरचं. मूळ ब्राउनिंगच्या वळणाचं, चांगलं जड, मॅगझिनमध्ये तेरा. त्यावर जवान कसा बिघडतो ते सांगतो. पहिल्या दिवशी पहिली गोळी बहुतेक बरी जाते, कारण काय होणार ते त्याला माहीत नसतं. दुसऱ्या गोळीला माहीत असतं. मग ट्रिगर पुरता दाबला जायच्या आधीच मनगट खाली जातं, डोळे मिटतात, खांदा पुढे येतो. गोळी टार्गेटच्या पायाशी माती उडवते आणि जवान म्हणतो, साब, हत्यार खराब है.

त्याला वाद घालून पटत नाही. त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये मध्येच एक ड्रिल राउंड भरायचा, म्हणजे बिनबारूदाची नकली गोळी. दोन खऱ्या जातात, तिसऱ्यावेळी नुसतंच टिक्क. धमाका नाही, झटका नाही, तरी नळीचं तोंड चार बोटं खाली गेलेलं. रांगेतले सगळे बघतात, तो स्वतः बघतो. मग तोंडातून शब्द नाही.

हे दचकणं मोडायला .२२ फार उपयोगी, त्यात वादच नाही. पण हे औषध रोग्यासाठी. तुमच्या मुलीला रोगच जडलेला नाही. रायफलीवर पाच गोळ्या एका जागी घातल्यात म्हणजे ती आवाजाला दचकत नाही हे कॅम्पवरच सिद्ध झालंय. आणि .२२ चं स्पोर्ट पिस्तूल किलोभराचं असतं, त्यात झटका असा कितीसा लागणार? एअर पिस्तुलावरून तिकडे जाताना मुलं बिचकत नाहीत. त्यांना जड जातो तो वेळ. २५ मीटरला साठ गोळ्या, त्यातल्या तीस सावकाश. पुढच्या तीसला टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद वळून जातं. त्या तीन सेकंदांत हात ४५ अंशावरून वर आणायचा, साइट जुळवायची आणि एकच गोळी सोडायची. हा हात वर आणण्याचा सराव करायला गोळी लागतच नाही.

मी मुलांना कसं शिकवतो ते सांगतो, घरी करून बघा. पांढरी भिंत. टार्गेट नाही, काही नाही. हात उचलायचा, साइट जुळवायची, ट्रिगर सुटेपर्यंत फक्त पुढच्या साइटच्या वरच्या काठाकडे बघायचं. काळा गोल समोर असला की डोळा तिकडे पळतो, म्हणून तो ठेवायचाच नाही. पुढची साइट धारदार दिसली पाहिजे, बाकी जग धूसर. सुटताना ती साइट किती हलली आणि कुठे हलली ते मुलाने स्वतः तोंडाने सांगायचं: "उजवीकडे गेली." मी बघत बसतो आणि काही बोलत नाही. बोलायची खुमखुमी येते, पण गप्प बसतो. काही कोच हातात वीट नाहीतर इस्त्री देऊन उभं करतात. मला ते पटत नाही. खांदा भरून येतो आणि पोरगं दुसऱ्या दिवशी येतच नाही.

याला एअर पिस्तूल सोयीचं, कारण बहुतेक मॅच एअर पिस्तुलांत कोऱ्या ट्रिगरची वेगळी सोय असते. छर्रा नाही, हवा खर्च नाही, पण ट्रिगर खऱ्यासारखा सुटतो. रिमफायरमध्ये हे सरसकट करता येत नाही. .२२ च्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून फायरिंग पिन मध्यावर नाही, कडेवर मारते. चेंबर रिकामं असेल तर कित्येक पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि काठाला खाच पाडते. मग काडतूस अडकायला लागतं. अमेरिकेतले लोक भिंतीत स्क्रू बसवायच्या प्लास्टिकच्या पिवळ्या गिट्ट्या चेंबरमध्ये घालून कोरा सराव करतात असं वाचलंय. युक्ती झकास आहे, पण पिस्तूल घ्यायचं आणि त्यात गिट्ट्या घालून बसायचं, तर मग एअर पिस्तुलाने काय घोडं मारलंय?

बाकी .२२ ला कमी लेखतोय असा अर्थ काढू नका. लंडनला २०१२ मध्ये आमच्या फौजेतल्या सुभेदार विजय कुमारने रॅपिड फायरला रौप्य घेतलं ते .२२ वरच. पाच टार्गेटवर पाच गोळ्या, आठ सेकंदांत, मग सहात, मग चारात. ते बघितलं की कळतं ही गोळी काय चीज आहे.

ह्यूस्टनचा देवगडकर | २ फेब्रुवारी २०२०

उशिरा आलो, पण मी हे पिस्तूल उडवलंय. इथे दुकानांत आलं आणि शनिवारी रेंजवर भाड्याने मिळालं. माझ्याकडे ग्लॉक १९ आहे, म्हणजे सुभेदारसाहेब म्हणतात तो मोठा भाऊ, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघता आली.

डोळे मिटून हातात दिलं तर पकडीवरून फरक कळणार नाही, वजनावरून लगेच कळेल. स्लाइड ओढायला अगदी सोपी. माझ्या बायकोला १९ ची स्लाइड ओढताना दोन्ही कोपर फाकवावे लागतात, ही तिने सहज ओढली. मॅगझिनला बाजूला बटण दिलंय, ते खाली दाबून धरलं की गोळ्या एकेक आत सोडायच्या, अंगठा सोलवटत नाही. पण भरताना लक्ष हवं. .२२ च्या काडतुसाला बुडाशी कंगोरा असतो. वरच्या गोळीचा कंगोरा खालच्या गोळीच्या कंगोऱ्याच्या पुढे बसला पाहिजे. मागे बसला तर एकमेकांत अडकून वरची पुढे सरकतच नाही.

सीसीआय कंपनीच्या ४० ग्रेन वजनाच्या मिनी-मॅग गोळ्या एकही न अडखळता गेल्या. मोठ्या डब्यात सुट्या मिळतात तसल्या स्वस्त शिशाच्या भरल्या तर काही पेटल्याच नाहीत. तेव्हा पिस्तूल टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, मगच काढायची. रिमफायरला हे कमी-जास्त चालतंच, कडेतला मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसला की पिन नेमकी कोरड्या जागी पडते. गोळीचा खर्च इथे ९ एमएमच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

माझ्यासाठी उत्तम आहे, घेणार आहे. मुलीच्या स्पर्धेच्या दृष्टीने सुभेदारसाहेबांशी सहमत. एकच मतभेद. पत्र्याच्या गोल चकत्या लावून ठणाठण वाजवण्यात जी मजा आहे ती पांढऱ्या भिंतीत नाही. माझा मुलगा रेंजवर येतो तो त्या ठणठणाटासाठी. पोरांना मजा आली नाही तर ती टिकतील का? नुसती शिस्त, शिस्त करून इकडे कित्येक मुलं महिन्याभरात गळालेली बघितलीत.

सुभेदार (निवृत्त), सावंतवाडी | ३ फेब्रुवारी २०२०

देवगडकर, तुमचं म्हणणं रास्त आहे. आमच्याकडे ठणठणाट नाही म्हणून मी शेवटची दहा मिनिटं मुलांना डाळिंबाच्या साली दोरीला टांगून देतो. छर्रा लागला की गिरकी घेते. सीझनला कोकमाची सालं. पण आधी भिंत, मग साल. उलटं केलं की भिंतीकडे कोणी फिरकत नाही.

तारकर्ली डाइव्ह | ५ फेब्रुवारी २०२०

एअर पिस्तूल म्हणालात म्हणून हवेचं सांगतो, कारण दुकानदार हे सांगत नाही. मॅचची चांगली पिस्तुलं दाबाखालच्या हवेवर चालतात, सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा. कुडाळात तो भरून देणार कोण? हातपंपाने भरता येतो, घाम निघतो. आमच्याकडे डायव्हिंगचे सिलिंडर तेवढ्याच दाबाला भरतात. शूटिंगवाला एक मुलगा आमच्याच भरलेल्या टाकीवरून अडॅप्टर लावून भरून नेतो. मोठ्या टाकीतला दाब जसा उतरतो तसा पिस्तुलाचा सिलिंडरही कमीच भरतो, पहिल्या दोन-चार खेपा पूर्ण, मग कमी-कमी. आणि कॉम्प्रेसरचा फिल्टर कोरडा आहे का हे विचारल्याशिवाय कुठेही भरू नका. ओलसर हवा आत गेली की सिलिंडर आतून गंजतो, बाहेरून काही कळत नाही.

जुनं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. दहा वर्षांपलीकडचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. परजिल्ह्यातल्या एका विक्रेत्याने ओळखीतल्या एकाला असलाच जुना सिलिंडर "नवीनच समजा" म्हणून गळ्यात मारला, आणि ते कळलं ते थेट स्पर्धेच्या तपासणीत.

सुभेदार (निवृत्त), सावंतवाडी | ५ फेब्रुवारी २०२०

एकदम बरोबर. त्यात आपल्या हवेचं जोडतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथे लोखंड उघडं ठेवलं की रात्रीत तांबूस पडतं, समुद्राजवळ त्याहून लवकर. चामड्याच्या पिशवीत तर ठेवूच नका, चामडं ओल धरून बसतं. वापरून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, हाताचा घाम आधी, मग पोलादी भागावर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको! आमच्या गावात ठासणीच्या बंदुकांना खोबरेल चोपडायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि ते थिजून चिकट झालं की घोडा अर्ध्यावरच थांबतो. हवेच्या पिस्तुलाच्या वायसरांना तर कुठलंही तेल मनाने घालू नका, पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच.

कोर्टाच्या पायरीवर | १६ फेब्रुवारी २०२०

रत्नागिरीत वकिली करतो. कायद्याचं थोडं, कारण मधल्या दोन महिन्यांत बरंच बदललंय.

शस्त्र कायद्यातली दुरुस्ती डिसेंबरमध्ये लागू झाली. साध्या परवानाधारकाला आधी तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोन. तिसरं असेल त्याने वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचंय. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, हा त्यातला दिलासा. नेरूरकर, तुमची ठासणीची त्या दोनांतली एक धरली जाते. चालते की नाही हा प्रश्न नाही.

आता गेल्या आठवड्यात, १२ फेब्रुवारीला, गृहमंत्रालयाची नेमबाजांसाठीची अधिसूचना आली. नामांकित नेमबाजाला एका प्रकारात आठ, दोन प्रकारांत दहा आणि त्याहून अधिक असतील तर बारा हत्यारं. ज्युनियर आणि होतकरू नेमबाजाला एकाऐवजी दोन. .२२ च्या गोळ्यांची मर्यादा १००० वरून ५०००. म्हणजे मुलगी पुढे गेली तर रस्ता मोकळा आहे, पण तो जातो स्पर्धेतल्या गुणांवरून. दुकानातून नव्हे. असोसिएशनचं सभासदत्व, स्पर्धेतल्या गुणांची प्रमाणपत्रं, सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावून ठेवा. जिल्हाधिकारी कार्यालयात कागद कमी पडला की फाइल सहा महिने हलत नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

नेरूरचो झील | २३ फेब्रुवारी २०२०

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लॉकचा विषय घरात बंद झाला. मुलगी दोन दिवस फुगून होती. मग सुभेदारसाहेबांकडे सावंतवाडीला घेऊन गेलो, त्यांनी तिच्या हातात त्यांचं जुनं एअर पिस्तूल दिलं आणि भिंतीसमोर उभं केलं. परत येताना गाडीत बोलली ती एवढंच की "पुढची साइट धारदार दिसत नाही, चष्म्याचा नंबर बघायला हवा." नंबर बदललेला निघाला!

साहेबांनी ते पिस्तूल परीक्षा होईपर्यंत वापरायला दिलंय. आता अडचण जागेची. पावसाळ्याचा विचार करून पडवीत सोय करतोय. रेघ मारायच्या जागेपासून टार्गेटपर्यंत टेप लावली तर नऊ मीटरच भरतात. पुढे गोठ्याची भिंत. भिंत फोडायला वडील तयार नाहीत. एक मीटर कमी चालेल का? की खळ्यात मांडव घालू?

सुभेदार (निवृत्त), सावंतवाडी | २३ फेब्रुवारी २०२०

भिंत राहू दे, वडिलांना त्रास देऊ नका. टार्गेटच लहान करा. दहा मीटरच्या एअर पिस्तूल टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिलिमीटर असतो आणि दहाचं वर्तुळ ११.५. नऊ मीटरवरून डोळ्याला तेवढंच दिसायला हवं तर सगळं नऊदशांश, म्हणजे काळा साडेत्रेपन्न. कुडाळात झेरॉक्सवाल्याकडे छापील टार्गेट द्या आणि ९० टक्क्यांवर काढून आणा, पट्टीने मोजून घ्या, कारण त्यांची मशीन कधीकधी ८९ काढते. मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर. मागे छर्रे अडवायची लोखंडी पेटी, पत्रा तिरका बसवलेला, म्हणजे छर्रा खाली पडतो, परत येत नाही. पेटीच्या मागे आणि बाजूंना जाड प्लायवूड, पेटीच्या दीडपट रुंद. डोळ्याला गॉगल, बघणाऱ्यांच्याही. पडवीत येणारा मधला दरवाजा आतून कडी लावून बंद, आणि गोठ्यात गुरं असताना छर्रा भरायचा नाही, प्लायवूड कितीही जाड असो. संध्याकाळी धार काढून झाली की पुन्हा फोन करा, दिवा कुठे लावायचा ते सांगतो.